पेल्याचा ठेका

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसलो तेव्हा मनातल्या मनातही ते मी पुरतं उच्चारलेलं नाही. हा कागद कधीतरी तुमच्या हाती पडेल. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाहीये. तीन कागद फाडून झाले.

आधी गाण्याचं सांगतो — कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी हैदराबादेत, नल्लकुंट्यात राहतो. जन्मभर एका ग्रंथालयात नोकरी केली, जिथे खोकलासुद्धा दाबून काढावा लागतो. त्यामुळे असेल किंवा नसेल, पण चाळिशीनंतर मला आवाजाचं वेड लागलं. बरकतपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या वकिलांच्या घरून जुना रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर आणला, मग लाकडी पेटीचे कमरेएवढे दोन स्पीकर. खुर्ची कुठे ठेवायची त्याची फरशीवर खडूने खूण केली. सुनंदा — माझी बायको — म्हणायची, सवत आणली ती आणली, तिला पुढची खोलीही देऊन टाकली. हसून म्हणायची, तेव्हा.

तुम्ही कधी चांगल्या यंत्रावर, एकटे बसून गाणं ऐकलंय? गाणारी बाई समोर येऊन बसते. श्वास घेते तो ऐकू येतो. तबला थोडा डावीकडे, सारंगी उजवीकडे — जो तो आपापल्या जागी. माझ्याकडे एक दादऱ्याची रेकॉर्ड आहे. तिच्यात शेवटाकडे एक जागा आहे. सारंगी थांबते, तबला थांबतो, बाई एकाच सुरावर एकटी उभी राहते — आता ही पडणार असं वाटतं — आणि तेवढ्यात तबला येऊन तिला झेलतो. तिथे माझ्या अंगावर काटा येतो. मानेपासून निघतो तो मनगटापर्यंत. डोळ्यांतून पाणी येतं. खरं सांगू? लग्नात, मुलीच्या जन्माच्या वेळी, आई गेली तेव्हा — कधीच मला असं काही झालं नाही. माणसांनी मला रडवलं नाही. त्या जागेने रडवलं.

आता आबांचं. माझे वडील. नांदेडकडून पोट भरायला हैदराबादला आले, छापखान्यात खिळे जुळवले आणि चाळीस वर्षं आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवली. जयंतीला पहाटेपर्यंत त्यांचा हात थांबायचा नाही. मग अर्धांगवायूने उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मधल्या खोलीत, माझ्या स्पीकरच्या भिंतीपलीकडे, त्यांची लोखंडी खाट टाकली. काही लागलं तर हाक मारता यावी म्हणून सुनंदाने त्यांच्या डाव्या हाताशी एक स्टीलचा पेला ठेवला. खाटेच्या दांडीवर तो आपटायचा, की आम्ही जायचो.

पण आबा तो पेला नुसता हाक मारायला वापरत नव्हते. मी गाणं लावलं की पलीकडून ठेका यायचा. टक — टक — टक. डाव्या हाताने, एका पेल्यावर, पण एक मात्रा चुकायची नाही. मी गाणं संपल्यावर आत जाऊन बघायचो, तर ते वाकड्या झालेल्या तोंडाने हसत असायचे. आयुष्यभर आम्ही बापलेक फारसे बोललो नव्हतो. आता हे आमचं बोलणं झालं होतं. सुनंदा पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. त्या दादऱ्याला तर ती 'आबांचं गाणं' म्हणायची.

त्यामुळे घरात दोन टकटकी होत्या. एक हाकेची, एक साथीची. ऐकणाऱ्याने ओळखायच्या.

आणि ओळखणारा, घरात सगळ्यांत तयार कानाचा माणूस, मी होतो.

दुसरा शनिवार होता. मला सुट्टी. सुनंदाने सकाळी आठला आबांना उपमा भरवला. भरवून झाल्यावर ती नेहमी त्यांच्या गालात बोट फिरवायची — लुळ्या बाजूला घास राहून जातो, तो काढायला. मग शेजारणीबरोबर वर्षाचा मसाला आणायला बेगम बाजारला गेली. जाताना म्हणाली, "पाणी मागतील थोड्या वेळाने. चमच्यानेच पाजा, मान उचलून. घाई नको, ठसका लागतो." तांब्या स्टुलावर होता. मी हो म्हटलं.

साडेदहाच्या सुमारास मी ती रेकॉर्ड लावली.

मध्यावर पेला वाजला. मला वाटलं, आबा साथीला आले. मग पुन्हा वाजला — तीन टोले घाईघाईने, मग थांबून दोन, मग एक. तो दादरा नव्हता. तो कुठलाच ताल नव्हता. आवाज उजव्या स्पीकरच्याही पलीकडून येत होता, आणि ती रेकॉर्ड मला इतकी पाठ होती की एक कण जास्तीचा पडला तरी कळायचा. चाळीस वर्षं ज्याचा हात चुकला नाही तो माणूस ठेका चुकत नव्हता. तो हाक मारत होता. मला ते कळलं. दुसऱ्या खेपेलाच कळलं.

माझी ती जागा तीन-चार मिनिटांवर होती.

मी उठलो — हो, उठलो. दाराकडे नाही. अँप्लिफायरकडे गेलो आणि आवाज वाढवला. मनात काय आलं तेही सांगतो. म्हाताऱ्याला नेमकं आत्ताच काय सुचलं, असं आलं. मग खडूच्या खुणेवरच्या खुर्चीत येऊन बसलो.

थोड्या वेळाने टकटक थांबली. मला बरं वाटलं. ती जागा आली, बाई एकटी उभी राहिली, तबला आला, अंगावर काटा आला. मी डोळे मिटून रडलो. त्या दिवशी ती जागा नेहमीपेक्षा चांगली लागली — हेही लिहून ठेवतो.

रेकॉर्ड संपल्यावर आत गेलो. तांब्या आडवा पडला होता. चादर, बनियन, उशी, सगळं ओलं. पेला खाटेखाली. कुणी येईना म्हणून त्यांनी डाव्या हाताने स्वतःच पाणी ओतून घेतलं होतं आणि पडल्या पडल्या प्यायले होते. ओठ निळे होते. मी हलवलं, पाठीवर थोपटलं, आबा, आबा म्हणून हाका मारल्या. उशीर झाला होता.

इथपर्यंत मी एक नालायक मुलगा आहे. यापुढे जे केलं त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. गल्लीतल्या डॉक्टरांना फोन करण्याआधी मी फरशी पुसली. चादर आणि उशीची खोळ बदलली. आबांचं बनियन बदललं — अजून कोमट असलेल्या बापाचा हात बाहीतून काढताना मला फक्त एवढंच सुचत होतं की सुनंदा यायच्या आत व्हायला हवं. पेला विसळून दांडीजवळ होता तिथे ठेवला.

डॉक्टर आले. विचारलं, "सुबू क्या खिलाये थे?"

मी म्हटलं, "उपमा. मेरी बीवी खिलाई."

यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच विचारत आलो. डॉक्टरांनी मान हलवली. गालात घास राहिला असेल, तो श्वासनळीत उतरला, असं ते म्हणाले. सुनंदा मसाल्याच्या पिशव्या घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

माझी बहीण नांदेडहून आली. चार बायकांत म्हणाली, "बाजारला जायची घाई होती ना वहिनीला." मी तिथेच होतो, मूग गिळून बसलो होतो. रात्रीपर्यंत सुनंदा मला एकच विचारत राहिली, "मी गालात बोट फिरवलं होतं का हो? मला आठवतच नाही." मी म्हणालो, "जाऊ दे आता."

फिरवलं होतं. मी दारात उभा होतो. मी पाहिलं होतं.

याला नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मुलगी बाळंतपणाला आली. नात सहा महिन्यांची झाली तेव्हा पहिली खिमटी भरवायची होती. मुलीने वाटी आजीपुढे केली. सुनंदा मागे सरली, दोन्ही हात पदराखाली घेतले. "माझ्या हातून नको," म्हणाली.

"आई, तू भरव ना. कुछ नै होता," मुलगी म्हणाली.

"नको म्हटलं ना." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी तिच्यामागे जाऊन एक वाक्य बोललो असतो तर तिचे हात मोकळे झाले असते. मी वर्तमानपत्र उघडलं. अजूनही तिने त्या पोरीला एक घास भरवलेला नाही. ताट वाढते आणि लांब उभी राहून बघते.

मुलीला मराठी धड वाचता येत नाही. जावयाला मुळीच नाही. म्हणजे आमच्या घरात हा कागद वाचू शकेल अशी सुनंदा एकटीच आहे. म्हणून तो मी माझ्या कपाटात, कुलपात ठेवतो. भित्रा तेव्हाही होतो, आजही आहे.

आबांच्या स्मृतिदिनाला घरी वंदना होते, मेणबत्त्या लावतो, खीर होते. मग दरवर्षी सुनंदा म्हणते, "आबांचं गाणं लावा." मी लावतो. ती मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसते. ती जागा येते. बाई एकटी उभी राहते, तबला येऊन तिला झेलतो — आणि माझ्या अंगावर काटा येतो. एकदाही चुकला नाही. निदान तो तरी यायचा बंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. तितकाच येतो, तितकाच गोड लागतो, आणि डोळ्यांतून पाणी येतं.

सुनंदाला वाटतं, मी बापासाठी रडतोय. ती उठते, माझ्या खांद्यावर हात ठेवते. आबांच्या फोटोपुढचा तो स्टीलचा पेला घेते, त्यात पाणी आणते.

मी पितो.