नववा प्रश्न

मानसिक आरोग्य कक्षात मी अकरा वर्षे ब्रदर म्हणून काम केले. त्याआधी अपघात विभागात होतो. तेथे जखम दिसते. या कक्षात दिसत नाही, म्हणून विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी आम्हाला नऊ प्रश्नांचा छापील तक्ता दिला होता. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, मन कशात लागते का, असे आठ प्रश्न. नववा मरणाच्या विचारांचा. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज जितकी कमी, तितका रुग्ण बरा. हा तक्ता मराठी रुग्णांवर पारखून घेतलेला आहे, तेव्हा प्रश्न छापलेल्या शब्दांतच विचारावा आणि उत्तर रुग्णाचेच घ्यावे, असे प्रशिक्षणात बजावले होते. मी ऐकले. पाळले, असे म्हणणार नाही.

रांग दारापासून जिन्यापर्यंत असे. दुपारपर्यंत माझा आवाज बसे. थकलो होतो, हे खरे. पण नववा प्रश्न मी सकाळच्या पहिल्या रुग्णालाही विचारत नसे.

मेहकर तालुक्यातील एक विवाहिता सासूबरोबर येई. सून खाली पाहून बसे. बोले ती सासू.

“तिले काय विचारता ब्रदर, मी सांगतो ना. जेवते, झोपते, भाकरी थापते. आता काऊन गोळ्या पाह्यजे?”

आमच्याकडे सासूसमोर सून बोलत नाही, आणि सवाष्णीला मरणाचे कोणी विचारत नाही. सासू सांगेल तशा मी खुणा केल्या आणि नवव्यापुढे शून्य लिहिले. तीन खेपांत बेरीज चौदा, नऊ, चार अशी उतरली. चार पाहून डॉक्टर गोळ्या कमी करणार आणि तीन महिन्यांनी बोलावणार, हे ठरलेले. सासूलाही तेच हवे होते. एसटी आणि रांग यांत तिचा दिवस जाई.

त्या तिसऱ्या खेपेला, कागद डॉक्टरांकडे जाण्याआधी, कक्षात नव्याने आलेल्या सिस्टरने तो पाहिला.

“ब्रदर, नववा विचारला?”

“सासू समोर बसली आहे.”

“म्हणजे नाही विचारला.”

“तीस वर्षे माणसे पाहतो आहे. चेहऱ्यावर कळते.”

“मग तक्ता कशाला भरता? केसपेपरला फोटोच लावा ना.”

ती सासूकडे वळली. “मावशी, तुमचा बीपी कधी मोजला होता?”

सासू लगेच उठली. “पाहा ना बाई. मले कोन विचारते?”

शेजारच्या खोलीत मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी खरोखरच वाढलेला होता. दुसऱ्यांदा मोजला, तितकाच. ती बोलत राहिली. मुलीचे लग्न अठरा दिवसांवर आले होते. दळण, पापड, आहेराच्या साड्या, सारे सून एकटी पाहत होती. “एका शब्दानं नाही म्हनत नाही हो. अशी सून भेटत नाही.” त्या बोलण्यात कपट नव्हते.

परतलो तेव्हा नवा तक्ता माझ्या टेबलावर होता. बेरीज एकोणीस. नवव्यापुढे तीन, म्हणजे जवळजवळ रोज. समासात सिस्टरने सुनेचे शब्द लिहिले होते: ‘नणंदेचं लगन होऊन जाऊ दे, मंग मी मोकळी.’

लग्नाला अठरा दिवस होते. आम्ही तिला तीन महिन्यांनी बोलावणार होतो.

मी जुने तिन्ही तक्ते डॉक्टरांपुढे ठेवले. म्हणालो, “हे सासूला विचारून भरले आहेत.”

“नवव्याचे शून्य कोणी सांगितले?”

“कोणीही नाही. मी लिहिले.”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. “तसे लिहा त्यावर.” लिहिले. तिन्हींवर माझी सही आहे.

सुनेला त्याच दिवशी दाखल केले. सासू व्हरांड्यात भांडली. लगन तोंडावर आलं आन् इथं ठेवता, लोक काय म्हनतीन. सिस्टर तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि हळू आवाजात कारण सांगितले. सासू म्हणाली, “पापडाचं पीठ भिजून राह्यलं घरी.” हे कोणाला उद्देशून नव्हते.

लग्न झाले. सुनेला घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या खेपेला दोघी आल्या. सासू दारातच थांबली. “मी बाहेर बसतो. तिले विचारा. माह्या बीपीचं मंग पाहा.”

प्रश्न मीच वाचले, छापलेल्या शब्दांत. आठ झाले. नववाही वाचला. सुनेने खिडकीकडे पाहिले.

“काही दिवस,” ती म्हणाली.

मी त्याचा एक गुण लिहिला. मग ते दिवस कोणते, हे विचारले. तक्त्यात तो प्रश्न नाही. ती सांगू लागली. बाहेर रांगेत कोणी तरी दार वाजवत होते. वाजवू दिले.