एकोणीस जूनची कोरी जागा

ऑफिसात त्यांना सगळे तारीखराव म्हणत. त्यांना ते नाव आवडायचं, पण तसं कबूल करतील तर शपथ. काम एवढंच, की रोज संध्याकाळच्या रेडिओच्या बातम्या ऐकायच्या आणि देशात घडलेल्या मोठ्या गोष्टी त्याच दिवशी नोंदवहीत उतरवायच्या. डिसेंबरात या वहीवरून 'देशाचं वर्ष' हे सरकारी पुस्तक निघे. ते वाचतं कोण, हे मात्र विचारू नये. वही कुलपात आणि किल्ली तारीखरावांच्या खिशात. दुसऱ्या कुणी वहीला हात लावलेला त्यांना मुळीच खपत नसे.

यंदाच्या वर्षाने तर दम लागेपर्यंत पळवलं. दोनदा सरकार पडलं. शेजाऱ्यांशी तह झाला, मोडला आणि परत झाला. एका धावपटू मुलीने पदक आणलं, आणि जनगणनेत माणसं अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. तारीखरावांना सगळं तोंडपाठ. "तह कधी मोडला हो?" असं कुणी सहज विचारावं, तर वारासकट उत्तर हजर.

डिसेंबरात छापखान्यातून प्रुफं आली. साहेब नवीन, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तारीखराव, अठरा जून आहे, वीस जून आहे. एकोणीसला देश झोपला होता का?"

तारीखरावांनी वही उघडली. महिन्याच्या सगळ्या तारखा ते आधीच लिहून ठेवत. एकोणीस जून सुबक अक्षरात होता, खाली पान कोरं. हजेरीपटावर मात्र त्यांची सही. जुने पेपर काढले, तर त्या दिवशी एक मंत्री पायउतार झालेला, मोठ्या पुलाचं उद्घाटन झालेलं. मग आपण खुर्चीत बसून करत काय होतो? काही केल्या आठवेना.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. त्याचं तारीखरावांना एवढं वाटलं नाही. पण त्यांचे वडील याच वयात विसरायला लागले होते, आधी दिवस, मग माणसं. आता आपली पाळी आली, अशी त्यांची खात्रीच पटली.

घरी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त आंघोळ करताना मोठमोठ्याने तारखा म्हणायला लागले. बायकोने आठवडाभर सहन केलं. एका सकाळी त्यांनी चहाचा कप हातात धरून "हा आपलाच ना?" असं विचारलं, तेव्हा तिने गॅस बंद केला.

"काय झालंय तुम्हाला?"

"एकोणीस जून," ते म्हणाले. "डोक्यातून साफ पुसला गेलाय. बाबांसारखं होतंय माझं."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "मी चक्कर येऊन पडले, तो दिवस विसरलात?"

"छे, ते कसं विसरेन? शेजारच्या वहिनींचा फोन आला, मी धावत सुटलो, लगेच ऑपरेशन. दिवसभर हॉस्पिटलातल्या त्या बाकावर बसून होतो. त्याचा इथे काय संबंध?"

"तोच एकोणीस जून."

अख्ख्या देशाला तारखा लावणाऱ्या या गृहस्थाने घरातल्या एकाही गोष्टीला कधी तारीख लावली नव्हती. घरात सगळं 'मागे' नाहीतर 'तेव्हा' घडायचं.

"पण हजेरीपटावर सही आहे गं माझी."

"दहाला सही केलीत, सव्वादहाला फोन आला. दुसऱ्या दिवशी वहिनींना माझ्याजवळ बसवून तासभर ऑफिसात पळालात, तेव्हाही डोकं ठिकाणावर नव्हतं तुमचं." ती जराशी हसली. "मला आत नेताना तुम्ही नावाने हाक मारलीत. तीस वर्षांत पहिल्यांदा. एरवी आपलं 'अगं' आणि 'ऐकलंस का'. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही."

तारीखराव हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. डोकं शाबूत असल्याचा आनंद होताच, पण त्या दिवशी बाकावर गिळलेली भीतीही आत्ता बाहेर पडली. ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मंत्री आणि पूल पेपरवरून वहीत गेले. मग तारीखरावांनी खुलासा लिहायला घेतला: 'सदर दिवशी पत्नीवर शस्त्रक्रिया चालू असल्याने देशाकडे लक्ष देता आले नाही.' त्याखाली 'क्षमस्व' लिहायची पद्धत. त्यांनी पेन टेकवलं, थोडा वेळ थांबले, आणि ते न लिहिताच सही केली.