गाडी दारात पाहिजे

रात्रीसाठी गाडी लावायला जागा शोधायची तर ती दुपारीच शोधायची, हा आमच्या संसारातला बहुधा एकमेव नियम आहे जो आम्हा दोघांनाही मान्य आहे. उजेड असला की जमीन दिसते. जमीन सपाट आहे का हे बघायला माझा नवरा स्टीलच्या ताटलीत पाणी घेतो आणि गाडीत शेगडीशेजारी ठेवतो. पाणी एका कडेला गेलं की गाडी जराशी पुढं, मग जराशी मागं. तोवर मी खाली उतरून बाकीचं बघते. नळ कुठं आहे, कुत्री कुणाची आहेत, वरून नारळ-बिरळ पडण्यासारखं काही आहे का. डोकं उताराकडे करून झोपलेला माणूस सकाळी भांडायलाच उठतो, हे मी लग्नाच्या अनुभवावरून सांगते.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. नवरा रसायनीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. निवृत्त झाल्यावर त्याला घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्याने ही बस आणली. सीटा काढल्या, पलंग बसवला, शेगडी, बेसिन, टाकी आणि कोपऱ्यात उभं राहून वळता येणार नाही एवढा संडास केला. घर पाहावं बांधून म्हणतात, ते त्याने चाकांवर बांधून पाहिलं. मी वीज कार्यालयात बिलाच्या खिडकीवर होते. लोक समोर येऊन तावातावाने बोलायचे आणि मी चेहऱ्यावरची रेघ न हलवता पुढच्याला बोलवायचे. त्यामुळे या प्रवासात परवानगी मागायचं खातं माझ्याकडे आहे.

खालापूर-खोपोलीच्या बाजूला जागांना तोटा नाही, आणि शंकांनाही नाही. जुन्या हायवेवरचे ढाबेवाले 'लावा की' म्हणतात, पण रात्रभर ट्रक येत-जात राहतात आणि आपण पलंगावर नसून रस्त्यावर झोपलोय असं वाटतं. पेट्रोल पंपावर शेगडी पेटवता येत नाही. सगळ्यात चांगली जागा मंगल कार्यालयाची. फरशी सपाट, नळ, दिवा, वॉचमन. फक्त त्या दिवशी लग्न नको. कॅलेंडरवर लग्नाच्या तारखा बघून त्या टाळून घराबाहेर पडणारी माणसं आमच्याशिवाय दुसरी कुणी असतील असं वाटत नाही.

खेड्यांत शिरलं की वेगळीच गंमत. बाहेरून पांढरी गाडी, खिडकीला पडदे, म्हणून लोकांना तो फिरता दवाखाना वाटतो. एका गावात आम्ही थांबलो न थांबलो तोच एक म्हातारेबाबा शर्टाची बाही वर करून पायरीवर येऊन बसले. दवाखाना नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मंग मत मागाया आलाव काय?" तेही नाही म्हटल्यावर त्यांचा आमच्यातला रस संपला. पण उठले नाहीत. चहा पिऊन गेले.

कर्जतच्या पुढं नदीकाठी कॅम्पसाइट म्हणून पाट्या लागल्यात. एका ठिकाणी आम्ही गेलो. मालक हाफ पँटमध्ये होता, वागायला सभ्य. तो म्हणाला, गाडी बाहेर लावा आणि तंबूत झोपा. मी म्हटलं, आम्हाला आमच्या गाडीतच झोपायचंय. तो खरोखर काळजीत पडला. "मग तुम्हाला कॅम्पिंगचा अनुभव कसा मिळणार?" नवऱ्याने ताटली काढलीच नाही. गाडी वळवली आणि आम्ही निघालो.

एवढी गावं झाली, पण एक गाव मी टाळत होते. माझं माहेर. कर्जतपासून आत, डोंगराच्या पायथ्याला.

टाळायचं कारण भांडण नव्हतं. धाकटा भाऊ तिथंच असतो, थोडी भातशेती आणि एका शाळेत शिपायाची नोकरी. मुलं पनवेलला. घरात तो आणि वहिनी. कारण वहिनीचं होतं. मागच्या खेपेला आम्ही घरात मुक्कामाला होतो तेव्हा पहाटे जाग आली आणि मी तिला स्वयंपाकघरात पाहिलं. भाकरी थापायला खाली बसायच्या आधी तिने एक हात ओट्याला लावला, एक गुडघ्याला, आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. मग बसली. उठताना पुन्हा तसंच. मी काही म्हटलं असतं तर 'काय नाय, जरा कंबर धरलीय' म्हणाली असती आणि वर आणखी एक भाजी केली असती. मी मदतीला गेले की ती हातातलं काढून घेते. माहेरवाशिणीने चुलीपुढं बसायचं नसतं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. मला पहिल्याच दिवशी पई, म्हणजे नकोशी पाहुणी, झाल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की माहेरी जायचं, पण आपलं घर सोबत घेऊन जायचं. गावात कुठंतरी गाडी लावायची, आपलं आपण शिजवायचं, भावाकडे नुसतं बसायला जायचं. आम्ही आल्याने तिला एकदाही उठायला लागता कामा नये. हा विचार मला इतका पसंत पडला की मी तो नवऱ्याला सोडून कुणाला सांगितला नाही.

भात झोडून झालं होतं, पेंढा रचलेला होता, हवा चांगली होती. वस्तीतल्या विहारापुढं आता फरशी घातली आहे. ताटलीतलं पाणी पहिल्या खेपेलाच सरळ राहिलं. नळ दहा पावलांवर. नवरा म्हणाला, "तुझ्या माहेरासारखी जागा नाही." मी खिचडी टाकली आणि भावाला फोन करणार, तेवढ्यात एक लांबची चुलती काठी टेकत आली. जय भीम झाला. तिने गाडीकडे पाहिलं, खिडकीतून शेगडीवरच्या कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भावाशी बोलनं बंद झालं काय गं?"

"नाही काकी, तसं काही नाही."

"मंग हितं कशापायी? भाव हाय ना जिता?"

तिच्यामागून आणखी दोघी आल्या. एकीने हळूच विचारलं, जमिनीवरनं काय झालं का? दुसरी म्हणाली, भावजय काय बोलली असंल. मी समजावून सांगत होते की वहिनीला त्रास नको म्हणून असं केलं, आणि माझ्या लक्षात येत होतं की मी जितकं सांगतेय तितकी वहिनी जास्त वाईट ठरतेय. भारतभर कुणाच्याही दारात गाडी लावता येईल, पण जिथं भाऊ राहतो त्या गावात बहिणीने चव्हाट्यावर बिऱ्हाड मांडलं तर त्याचा एकच अर्थ होतो. मी त्याच गावात वाढले. हे मला कळायला हवं होतं. मी लाजले, आणि त्याहून जास्त म्हणजे घाबरले.

भाऊ शाळेतून थेट आला. कुणीतरी रस्त्यातच सांगितलं असणार. त्याने सायकल भिंतीला लावली. माझ्याशी बोलला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घालून बघितली, नवऱ्याला विचारलं, "एवरेज काय देते, भावजी?" नवऱ्याला असले प्रश्न फार आवडतात. त्याने सविस्तर सांगितलं. भावाने ऐकून घेतलं.

"हितं नको," तो म्हणाला. "सकाळी बायका पान्याला येतात. अडचन हुईल."

नवरा म्हणाला, बरोबर आहे, मग शाळेचं मैदान?

"तितं पोरं क्रिकेट खेळतात. काच फुटंल."

मग खळ्याजवळची मोकळी जागा?

"पेंढा हाय. तुमची शेगडी."

नवरा खरोखरच तिसरी-चौथी जागा आठवू लागला. मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. गावातल्या प्रत्येक जागेत काही ना काही खोट निघाली आणि एकच अंगण शिल्लक राहिलं, त्याचं. तिथं गाडी शिरत नव्हती. फाटक अरुंद, आणि गल्लीवरून टीव्हीच्या केबली लोंबत होत्या.

 भाऊ घरी गेला, पहार घेतली आणि कुंपणाचा सिमेंटचा खांब काढायला लागला. दुसरा काढला. तारा गुंडाळून ठेवल्या. ज्या दोघी मघाशी जमिनीचं विचारत होत्या त्यांचे नवरे बांबू घेऊन आले आणि त्यांनी केबली वर उचलून धरल्या. सगळी वस्ती 'येऊ दे, येऊ दे, हानू नको' करत होती. गाडी जास्वंदीचं एक झाड मोडून ओट्याला लागली. मी खाली उतरले आणि भावाला म्हटलं, "अरे, कुंपण कशाला काढलंस?"

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तुला निजायचं तितं निज गं ताय. गाडीत निज न्हायतर टपावर निज. पन गाडी माझ्या दारात पायजे."

आणि तो पहार ठेवायला गेला. 

वहिनी दारात उभी होती. तिने कोंबडी शिजवली होती, भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून ठेवली होती. माझी खिचडी तिने कौतुकाने वाढून घेतली, एक घास खाल्ला, बाकीची कोंबड्यांना गेली. माझ्या बेताचं असं झालं. तिला उठायला लागू नये म्हणून आले आणि तिला सहा माणसांचं रांधायला लावलं, कारण बांबूवाले दोघेही जेवायला थांबले.

जेवून आम्ही गाडीत झोपलो. अंगण उताराचं होतं. ताटली काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

सकाळी नवरा आणि भाऊ कॅन घेऊन पाणी आणायला गेले. मी शेगडीवर चहा ठेवला होता. वहिनी पायरीशी आली. "चला वन्सं, च्या ठेवते."

"ठेवलाय मी. तूच ये वर."

तिने मागं घराकडे पाहिलं. मग चपला काढून, दाराची कड धरून चढली. आधी उभीच राहिली. मी पलंगावर बस म्हटलं तेव्हा कडेला टेकली. मी तिच्या हातात कप दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि लगेच प्यायली नाही, इकडेतिकडे बघत राहिली. मग बसल्या जागेवरून हात लांब करून तिने शेगडीला हात लावून पाहिला, नळाला लावला, मसाल्याच्या डब्यापर्यंत पोचतो का ते पाहिलं.

"समदं हाताला येतंय," ती म्हणाली. "उठायलाच नाय लागत."

चहा झाला. मी आणखी घेतेस का विचारलं, तर हो म्हणाली. लग्नानंतर माहेरी मी कुणाला चहा दिला तो हा पहिलाच. दुसरा कप अर्धा झाल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वन्सं, राग नका मानू. तुमी येनार म्हनलं ना, का माझी कंबर आदीच दुखाया लागते. अजून आलेल्या नसतात, तरी दुखते. तुमी वाईट नाय. तुमी लई चांगल्या. पन दुखते."

बिलाच्या खिडकीवर मी याहून कितीतरी वाईट ऐकलंय आणि पुढच्याला बोलावलंय. इथं पुढचं कुणी नव्हतं. मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आणि त्याच वेळी या बाईने माझ्यासाठी आजवर केलेल्या सगळ्या स्वयंपाकापेक्षा हे जास्त आपलेपणाचं आहे असंही वाटलं. मी म्हटलं, "रागावले नाही गं."

"मंग जरा पडू का?"

मी उशी सरकवली. ती आडवी झाली, पाय पोटाशी घेतले, आणि मी कप धुवेपर्यंत तिला झोप लागली. तोंड थोडं उघडं राहिलं होतं. मी पडदा ओढला आणि पायरीवर येऊन बसले.

भाऊ कॅन घेऊन आला. घरात डोकावला, परसात डोकावला. "ही कुठं गेली?"

"आत झोपलीय. हळू बोल."

"बरं नाय काय तिला?"

"बरं आहे. झोपलीय."

त्याने पायरीखालच्या तिच्या चपलांकडे पाहिलं. त्याला शाळेत जायचं होतं, डबा न्यायचा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. नवरा शहाणा, तो टायर बघायला खाली वाकला.

आम्ही दोघं बहीणभाऊ स्वयंपाकघरात गेलो. भावाने परात काढली, तवा शोधला. मग तो फळीवरचे डबे एकेक उघडायला लागला आणि मी खालचे. एकात वाल निघाले, एकात सुकट, एकात नुसते दोरे आणि बटणं. आम्ही त्याच घरात जन्मलो, आणि पीठ कुठल्या डब्यात आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. भावाने दाराकडे पाहिलं, तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग आम्ही पुढचा डबा उघडला.