प्रत्यय माझे, टेबल त्यांचं

"तू बाहेर सोफ्यावरच बस हं. इथे गर्दी होते."

टीम लीडच्या आईने मला स्वयंपाकघरातून असं बाहेर काढलं. गर्दी कसली? ओट्यापाशी त्या आणि आमच्या ऑफिसातली हंगेरियन इल्दिको, दोघीच. क्षणापूर्वीच काकूंनी विचारलं होतं, "आडनाव काय गं तुझं? नागपूरला कुठे?" मी दोन्ही सांगितलं. जात कळली. माझ्या हातातली पुरणाची वाटी त्यांनी काढून घेतली आणि इल्दिकोला दिली.

२०१७ साल. लीडने आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या नावन गावात घर घेतलं, म्हणून रविवारी सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण. ऑफिसात रोज हॅम सँडविच खाणारी इल्दिको यांच्या ओट्यावर पोळ्या लाटते. बाटतं ते फक्त माझ्या हाताने. शी!

टेबलावर सगळ्यांना स्टीलची ताटं. मला सोफ्यावर कागदाची प्लेट. लीडने पाहिलं आणि मान मोबाइलमध्ये घातली. पुण्याचा, शिकलासवरलेला माणूस.

आमची कंपनी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर करायची. पोलिश आणि हंगेरियन क्रियापदांचे प्रत्यय माझ्याकडे. पोलिशमध्ये भूतकाळी क्रियापदाच्या शेवटावरून करणारी बाई की बाप्या ते कळतं. हंगेरियनमध्ये तर 'मी' आणि 'तुला' एकाच प्रत्ययात मावतात. हे नियम मी रक्त आटवून बसवले होते. जेवायला आलेल्या आयरिश क्लायंट बाईंनी लीडला नेमकं तेच विचारलं, एका प्रत्ययात दोन माणसं कशी? त्याचं ततपप झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, यांना ते हंगेरियनचं जरा समजाव ना. तिथूनच सांग."

तिथूनच सांग.

माझं डोकं टेबलावर चालतं. मी चालत नाही. त्या घराची, त्या तुपाच्या वासाची किळस आली. प्लेट तशीच ठेवली आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. मी दलित आहे, म्हणून मला स्वयंपाकघरातून काढलं, म्हणून ही वेगळी प्लेट. मी तिथून काहीही सांगणार नाही.

इल्दिकोचा घास हातातच राहिला. लीड पुटपुटला, "अगं, आई जुन्या वळणाची आहे. इट्स ग्रँड, एवढं काही नाही. तमाशा नको करूस."

"आई जुन्या वळणाची. आणि तुम्ही?"

मी कोट घेतला आणि बसस्टॉपकडे निघाले.

सोमवारी मॅनेजरला तोंडावर सगळं सांगितलं, दुसरी टीम मागितली. इथली मराठी मंडळी अजून म्हणतात, परदेशात कशाला उकरून काढतेस, सोडून दे. का सोडू? लोणच्याच्या बरण्यांबरोबर जात बॅगेत घालून तुम्ही आणलीत, आणि तोंड मी लपवायचं? नाही लपवणार. माझं काम हवं असेल तर त्याच टेबलावर मला खुर्ची. नसेल, तर एक प्रत्ययही मिळणार नाही.