डीडीटीचा डबा आणि आईची पारखी नजर

एकाहत्तरचा उन्हाळा. लढाई लागायची होती, पण जबलपूरच्या आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ती केव्हाच लागली होती. निम्मी फौज माझ्या एकट्याच्या ओव्हरटाइमवर उभी आहे, असं मी घरी सांगत असे. आई कौतुकानं ऐकायची. बायको रसायनशास्त्रात एम.एस्सी., ती नुसती हसायची.

त्या वर्षी किडे असे, की तिलवारा घाटापलीकडच्या खेड्यातून आलेलं गव्हाचं पोतं आपल्या पायांनी चालत स्वयंपाकघरात गेलं. तेव्हा मी मलेरियाच्या फवारणीवाल्या भैयाला चहा पाजून डबाभर डीडीटी मागून आणली. क्वार्टरांतल्या कितीतरी घरी ती गव्हाला चोळत. आईनं पदर खोचला, डबा उघडायला घेतला.

"आई, थांबा," बायको म्हणाली. तिला पाचवा महिना होता. "हे पोटातल्या बाळापर्यंत जाईल."

"काहून? सगळेच खाऊन राहिले न!"

बायकोनं रेणू, इस्ट्रोजेन असं सुरू केलं. आईचा हात काही झाकणावरून हलेना. मग बायकोनं रांगोळी आणली अन् अंगणात दोन आकृत्या काढल्या.

"ही प्रयोगशाळेत बनवलेली गोळी. बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेनचं काम करते. दोन षट्कोन, मधे जोड, टोकांना ऑक्सिजन-हायड्रोजन. अन् ही डब्यातली डीडीटी."

"पण हिच्या टोकांना क्लोरीन आहे," मी कारखान्याच्या अधिकारवाणीनं म्हणालो. "जोडही वेगळा."

आईनं घातलेल्या रांगोळीला गाईसुद्धा वळसा घालून जात. ती उकिडवी बसली, दोन्हींवरून बोट फिरवलं.

"चूप रे! टोकाची फुलं बदलली म्हणून रांगोळी बदलते का? ठेवण तीच आहे." मग सुनेकडे वळली. "शरीर असंच फसतं?"

"थोडं फसतं. कोंबडीच्या नर पिल्लांना हे टोचून पाहिलं, तर त्यांचे तुरे नीट वाढले नाहीत, कोंबडीसारखे राहिले."

"अन् बाळाला?"

"ते मला नाही सांगता येत, आई."

त्या उत्तरावर आईनं डबा दूर सारला, हात तीनदा धुतले, अन् डबा मला जसा आणला तसा परत करायला लावला. मग गव्हात घालायला कडुनिंबाचा पाला आणायला पिटाळलं. अर्धं जबलपूर बोडकं केलं मी!

पाल्यानं किडे हटले नाहीत. आई रोज दाणान् दाणा निवडे. सुनेच्या ताटात वाढायची पोळी ती उजेडात धरून बघायची. एखादा किडा सुटलाच, तर ती पोळी माझ्या ताटात.

"खा," म्हणायची. "याला काही औषध नाही लावलं."