शकूची भूक

शकू वरणाची बादली घेऊन पंगतीत उतरली की भलेभले खाणारे पत्रावळीवर आडवा हात धरायचे. ती त्या बोटांच्या फटीतून वरण ओतायची. "काऊन जी भाऊजी, घरून जेऊन आले काय?" चिखलीत आमच्या गल्लीतला भंडारा असो की कोणाकडचे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वाढायला शकूच. माझी शेजारीण, माझ्याहून बरीच लहान, काटकुळी, आणि चालायची अशी की पदर मागे राहायचा.

मग तीच शकू फुगायला लागली. ब्लाउजं उसवली, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. सकाळी भाकरी, मग दाणे, मग रात्रीचं उरलेलं, मग माझं दार. "आक्का, काही असंन तर दे वं. भूक लागून राह्यली."

"आत्ताच तर जेवलीस ना?"

"मी जेवली हो. पोटाले कोण सांगंन?"

हे तिचं ठरलेलं उत्तर. मी हसायची आणि चार लोकांत तेच उत्तर तिची नक्कल करून ऐकवायची.

मी तेव्हा साठीची. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, म्हणजे गावाला अक्कल वाटायला पूर्ण मोकळी. मोबाइलवर येणारा आहाराचा प्रत्येक सल्ला मला वेदवाक्य. शकूचं वजन उतरवायचा विडा मी उचलला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे कडक उपास तिला लावून दिले आणि पहारेकरी म्हणून तिच्या ओट्यावर जाऊन बसले, हातात चिवड्याची ताटली घेऊन! बिचारी पाण्यावर दिवस काढायची, तरी काटा वरच. मग माझ्या थोर बुद्धीने निकाल दिला, ही चोरून खाते. पिठाचा डबा, गादीखाली, देवघर, सगळीकडे झडती घेतली. सापडला फक्त देवापुढचा एक बत्तासा, तोही मुंग्यांनी पोखरलेला.

त्यानंतरच्या रोडग्यांच्या पंगतीत शकूने माझं पान टाळलं. अलीकडच्या बाईला वाढलं आणि मला ओलांडून सरळ पुढे. आमच्याकडे पंगतीत पान टाळणं म्हणजे चारचौघांत तोंडात मारणं. झडतीचा सूड उगवते, असं समजून मी ताडकन उठले. पण तिने आणखी दोघी-तिघींची पानंही सोडली होती. त्यांतली एक कडाडली, "आमी काय दिसत नाही तुले?"

शकूने बादली खाली ठेवली. "नाही दिसत, बाई. समोरचं दिसते. बाजूचं कोणी पुसून टाकल्यावानी झालं."



तिचा नवरा दिगंबर तिला संभाजीनगरला घेऊन गेला; सोबत मी. डॉक्टर मॅडमनी डोक्याचा फोटो उजेडावर धरला. मेंदूच्या तळाशी बोराएवढी गाठ. तिने डोळ्यांच्या नसा दाबल्या होत्या, आणि शेजारचा एक इवलासा भागही. भूक किती लागावी, अंगात चरबी किती ठेवावी, हा सगळा कारभार तिथून चालतो म्हणे. "चरबी पुरेशी साठली की शरीर रक्तातून तसा निरोप पाठवतं," मॅडम म्हणाल्या. "यांच्या मेंदूला तो निरोप कळत नाही. त्याला वाटतं, ही बाई उपाशी मरतेय. म्हणून तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आवरतो. कमी खाल्लं तरी वजन चढतं."

तिचा मेंदू दुष्काळ पडल्यासारखा कण न् कण राखत होता आणि मी तिच्या गादीखाली गूळ शोधत होते!

शकू रडता रडता हसली. "पाह्य आक्का, मी चोरी नोती करत."

गाठ काढली, नजर वाचली. भूक मात्र तशीच राहिली. त्या भागाला झालेली इजा भरून येत नाही, असं मॅडमनी सांगितलं. गोळ्या आयुष्यभराच्या मागे लागल्या. घरी आल्यावर शकूनेच स्वयंपाकघराला कुलूप लावायला लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मी मागीन, रडीन, शिव्या देईन. पण देजो नको."

शिव्या तर काय एकेक! "म्हातारे, तुह्या जिभेले फोड येवो!" मीही ओट्यावर बसून व्याजासकट परत करायची. मग दोघी हसत सुटायचो. तिच्यासमोर चिवडा खाणं मी कधीच सोडलं होतं. एकदा हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मरायच्या आधी एकदा पोट भरल्यावानी वाटलं पाह्यजे वं. बाकी मले काही नको."

दहा-अकरा वर्षं हेच चाललं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिने अर्धी भाकरी बाजूला सारली. "बस झालं आक्का. पोट भरलं."

मी आणखी एक घास पुढे केला.

"नको वं." चेहरा शांत, डोळे झोपाळलेले.

सत्तरी ओलांडलेली मी गल्लीभर ओरडत सुटले. पेढे आणले, दारोदार वाटले, दिगंबरच्या तोंडात दोन कोंबले. मग शाबासकी घ्यायला डॉक्टर मॅडमना फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "झोप जास्त येतेय? उलटी झाली का?"

सकाळी झाली होती. आम्ही ती उन्हावर ढकलली होती.

"तिला घेऊन आत्ता निघा. वाटेत जास्त बिघडलं तर पहिला दवाखाना दिसेल तिथे थांबा."

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाठ पुन्हा वाढली होती आणि तिची भूक त्या गाठीनेच नेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. देऊळगाव राजा यायच्या आधीच तिने मान टाकली. मी तिच्या गालावरून हात फिरवत हाका मारत होते, आणि माझ्या बोटांना पेढ्यांचा वास येत होता.