पत्र्याच्या हॉलमधल्या मनवर बाई

कुणी नवा कॅसेट-डेक कौतुकाने लावून दाखवला, की मनवर बाई त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. दाखवणाऱ्याला राग येई. बाई म्हणत, "डब्बा पाह्याले नाई आली मी. गाणं ऐकाले आली."

बोरी अरबच्या हायस्कूलमध्ये त्या आम्हाला हिंदी शिकवत. वर्गात शुद्ध बोलायच्या, बाहेर पडल्या की आमच्यासारख्या. दर रविवारी शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये त्यांचं श्रोता मंडळ भरे. जुना डेक, दोन स्पीकर आणि शास्त्रीय गाण्याच्या कॅसेटी. वर्गणी नाही, ज्याला यायचं त्याने यावं. आमच्या घराण्यात मी पहिला बी.ए., पण ख्याल, आलाप, बंदिश हे शब्द मला कॉलेजात नाही, त्या हॉलमध्ये मिळाले.

कापसाचे भाव पडलेल्या वर्षांतली गोष्ट. मंडळातले डॉक्टरसाहेब दिलदार माणूस, पण एका परदेशी कंपनीचे भक्त. रेडिओ तिचा, डेक तिचा, घरातली इस्त्रीसुद्धा तिचीच. हॉलमध्ये आवाज घुमतो, ही सगळ्यांचीच तक्रार होती. डॉक्टरांनी सुचवलं, मंडळाने त्या कंपनीचा मोठा सेट घ्यावा; अर्धे पैसे ते देतील, उरलेले वर्गणीतून. आम्ही शेतकऱ्यांची पोरं एकमेकांकडे बघू लागलो. कापूस घरातच पडून होता. वर्गणी लागली की मंडळ आम्हाला बंद, हे कुणी बोललं नाही तरी कळत होतं.

बाई एवढंच म्हणाल्या, "आधी ऐकू तं द्या."

डॉक्टरांनी नागपूरहून सेट पारखायला आणला. बाईंनी हॉलमध्ये चादर बांधली. चादरीमागे दोन्ही यंत्रं घेऊन शाळेचे शिपाई नामदेवभाऊ बसले. तीच कॅसेट एकदा एका यंत्रावर, एकदा दुसऱ्यावर. डॉक्टर पहिल्या सुरालाच उठले. "हा बघा! काय मोकळा आवाज आहे! कंपनी ती कंपनीच!"

नामदेवभाऊंनी चादर सारली. जुना डेक वाजत होता.

हॉलभर हशा पिकला. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे हे मॉडेल कमी पडतं. याच्यावरचं मागवू." आणि आश्चर्य म्हणजे बहुतेकांनी माना डोलावल्या! बाई कॅसेट उचलून घरी गेल्या.

त्याच आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या. पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. दारातून आत येत त्यांनी माझ्या आईला हाक मारली आणि स्वतःच्याच आवाजाने थबकल्या. पुन्हा हाक मारली.

"अवो बाई, इथंच तं हाय मी," आई म्हणाली. "काहून वरडता?"

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. "गजानन, इथं आवाज घुमतच नाई गा! हा कापूस पिऊन घेऊन राह्यला त्याले. आपल्या डेकले कायले दोष देतो आपण? पत्रा बोलते तिथं, पत्रा!"

लगेच जुना डेक आमच्या घरी आणला. डॉक्टरही आले. कापसाच्या ढिगाला टेकून त्यांनी एका दुसऱ्या कॅसेटची अख्खी बाजू ऐकली.

पत्र्याचा आवाज प्यायला रविवारपर्यंत गावातल्या घराघरांतून गोधड्या आल्या. हॉलच्या भिंतींवर आणि पत्र्याखाली आम्ही त्या बांधल्या. ज्यांनी माना डोलावल्या होत्या, तेच शिडी धरून उभे होते. बाईंनी चादरीच्या दिवशीचीच कॅसेट जुन्या डेकवर लावली. गाणारा सुरू व्हायच्या आधीच डॉक्टर पुढे सरकले.

"बाई, हा तंबोरा आधीपासून होता यात?"

"होता ना डॉक्टरसाहेब. आजवर पत्र्यानं खाल्ला."

डॉक्टर मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सेट नागपूरला परत पाठवला. पुढच्या रविवारी हॉलबाहेर चपला ठेवायला जागा नव्हती.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मंडळ अजून भरतं, वर्गणी अजून नाही, ज्याला यायचं तो येतो. डेक आम्ही दुरुस्त करून करून वापरतो. नव्या घेतल्या त्या फक्त गोधड्या.